एका बाळाची दोन वयं

१

एकाच बाळाची दोन वयं माझ्या टेबलावर पडली होती, आणि बाळ मात्र या जगात नव्हतं.

पहिलं वय एका दवाखान्याच्या पत्रात होतं. गर्भ सत्तावीस आठवड्यांचा, आई ठणठणीत, विमानप्रवासाला हरकत नाही. दुसरं वय एका परक्या शहरातल्या हॉस्पिटलने कळवलं होतं. विमान अर्ध्या वाटेत त्या शहरात उतरवावं लागलं, बाईला धावतपळत आत नेलं, आणि मुलगी जन्मली ती रडलीच नाही. त्यांनी लिहिलं होतं, गर्भ चौतीस आठवड्यांचा, नखं पूर्ण वाढलेली. पत्र आणि प्रवास एकाच आठवड्यातले.

"चार दिवसांत सात आठवडे वाढलं होय पोर?" आमचे साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी खोकून घेतलं.

मी प्रवासविम्याच्या कंपनीत दाव्यांची तपासणी करते. ऑफिसात मला माझ्यामागे 'भिंग' म्हणतात, आणि हल्ली तोंडावरही म्हणायला लागलेत. कुणाची बॅग खरंच हरवली आणि कुणाची माळ्यावर आहे, हे शोधण्यात माझी वर्षं गेली. लोक खोटं बोलतात याचं मला आता काही वाटत नाही. पण नखं वाढलेल्या बाळाबद्दल कुणी खोटं बोललं असेल, तर मला त्याचा राग येतो, आणि त्या दिवशी तो आला होता.

नियम साधा आहे. ठरावीक आठवड्यांच्या पुढे गर्भारपण गेलं की विमानात घेत नाहीत, आणि आमचा विमाही तिथेच संपतो. त्याच्या आत असाल तर डॉक्टरचं पत्र दाखवायचं आणि बसायचं. या बाईच्या नेहमीच्या डॉक्टरने तिला पत्र द्यायला साफ नकार दिला होता. मग तिने दुसऱ्या दवाखान्यातून ते मिळवलं. ही नकाराची गोष्ट तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हती. त्याने बिचाऱ्याने दावा दाखल केला, आमच्याकडून सत्तावीसचा आकडा त्याला कळला, आणि तो थेट पत्र देणाऱ्या डॉक्टरवर उलटला. खोटं पत्र दिलं म्हणून त्याने वैद्यकीय मंडळाकडे तक्रार केली. सोमवारी सुनावणी होती. त्या डॉक्टरीणबाईंचा परवाना जाणार, असं सगळेच धरून चालले होते.

"डॉक्टरीणबाईंनी पैसे खाल्ले. एवढं लिहा आणि मिटवा," साहेब म्हणाले.

"त्यांना भेटून येते."

"भेटून काय करणार? पोट तर आता राहिलं नाही मोजायला."

साहेब माणूस वाईट नाहीत. पण काही वेळा वाटतं की देवाकडून त्यांना जीभ देताना लगाम द्यायचा राहून गेला.

२

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर एक पोक्त मदतनीस बाई, आत डॉक्टरीणबाई. वय सत्तरीच्या पुढे, हात मात्र तरण्या बाईचे. टेबलावर मोजपट्टी, कापडी, वापरून वापरून मऊ झालेली.

"मी सत्तावीस लिहिलं कारण ते सत्तावीसच होतं," त्या म्हणाल्या. "या पट्टीने मोजलं, या हातांनी चाचपलं, ठोके ऐकले. चौतीसचं पोट आणि सत्तावीसचं पोट यांत चूक करायला मी काय काल शिकले?"

"मग हॉस्पिटल खोटं बोलतंय?"

"ते कशाला खोटं बोलतील?"

"म्हणजे तुम्हीही खऱ्या आणि तेही खरे."

"अगं, तेच तर मी रोज रात्री पडल्या पडल्या मोजतेय." त्यांनी पट्टी बोटाला गुंडाळली. "मला खोटी म्हणा. माझ्या हातांना खोटं म्हणू नका. आयुष्यभर त्यांच्याच जिवावर जगलेय."

मी विचारलं, ती बाई तुम्हाला आठवते का? फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि परत दिला.

"सांगता येत नाही. मी चेहरा बघत नाही."

"म्हणजे?"

"तपासताना बायकांना लाज वाटते, भीती वाटते. आपण तोंडाकडे बघितलं की आणखी वाढते. म्हणून मी पोटाकडे आणि हाताकडे बघते. तरुणपणी सवय लावून घेतली, ती राहिली. चेहरा आणि ओळखपत्र बाहेर बसलेली ही बघते."

बाहेरच्या बाईने मान डोलावली. ओळखपत्र तिने नीट ताडून पाहिलं होतं. तेच नाक, तेच कपाळ. "जरा सुजलेली वाटली. पण या दिवसांत कोण सुजत नाही?"

"हात आठवतो मला," डॉक्टरीणबाई अचानक म्हणाल्या. "नाडी बघताना बोटं लागली. टोकं खरखरीत, टोचून टोचून घट्टे पडलेले. कष्टाचा हात."

ती बाई कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करते, हे मला माहीत होतं. दिवसभर दात घासायचे म्हटल्यावर बोटं काय लोण्यासारखी राहणार? मी ते वहीत टिपलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्या बाईची कीव येत होती, आणि कीव आली की माझं डोकं चालत नाही.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"बेंबीखाली आडवा व्रण होता. जुन्या टाक्यांचा. ज्यांनी ते बाळंतपण केलं त्यांना विचारा. व्रण तर कुणी पुसून टाकत नाही ना?"

मी ऑफिसात येऊन त्या परक्या शहरात फोन लावला. बाळंतपण केलेली सुईण भली होती, तिला सगळं आठवत होतं. आठवणारच. तिने सांगितलं, पोट कोरं होतं. त्यावर कसलाही व्रण नव्हता.

३

दोन पोटं होती. एवढं कळायला मला रात्र लागली नाही. पण दुसरं पोट कुणाचं? सत्तावीस आठवड्यांची बाई काही भाड्याने मिळत नाही. मिळतही असेल म्हणा, म्हणून मी आधी तिकीटवाल्याला गाठलं. दवाखाना त्यानेच सुचवला होता.

तिकीटवाला गोल, घामट आणि बोलका. "मॅडम, मी तिकिटं काढतो. पोटं मोजत नाही. दवाखाना सांगितला कारण तो माझ्या दुकानाला लागून आहे. त्यात माझं काय चुकलं?"

"ती एकटी आली होती?"

"बहीण होती बरोबर. थोरली. दिसायला छापच, पण स्वभावाला... जाऊ द्या."

"जाऊ का देऊ? बोला."

"अहो, धाकटीचं पोट एवढं पुढे आलेलं. आणि पिशव्या कोण उचलतंय, तर तीच! थोरली भल्यामोठ्या कोटात हात घालून उभी. मी म्हटलं, ताई, घ्या ना तिच्या हातातलं. तर धाकटीच माझ्यावर खेकसली, 'तिला काही सांगू नका.' काही घरांत थोरल्यांचे असे लाड असतात बघा."

त्याच्याकडे बाकी काही नव्हतं. भाड्याची बाई आणण्याइतकी अक्कल त्याच्यात नव्हती आणि हिंमत तर त्याहून नव्हती.

तिथून मी त्या घरी गेले. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कामावरून नुकताच आला होता, हाताला ग्रीस तसंच. त्याने मला बसा म्हटलं नाही आणि स्वतःही बसला नाही.

"लिहिलंत का त्या डॉक्टरबद्दल?"

"अजून चौकशी चालू आहे."

"कसली चौकशी? आठवा संपत आला होता. माझ्या बायकोला कळत नव्हतं, आई मरणाला टेकलेली, तिला फक्त जायचं होतं. पण डॉक्टरला कळत होतं ना? मला तुमचे पैसे नकोत. ज्याने ते पत्र खोटं केलं त्याने माझी मुलगी मारली. मला तो माणूस समोर पाहिजे."

त्याच्या आवाजात आरडाओरडा नव्हता. लिफ्टचा दोर तुटला तर कुठला, एवढंच विचारावं तसं तो विचारत होता. मला तेच जास्त जड गेलं.

बायको आतल्या खोलीतून आली. हडकलेली, केस कसेतरी बांधलेले. तिने पाण्याचा पेला पुढे केला, आणि मी तिची बोटं पाहिली. मऊ होती. घट्टा नावाला नाही.

"कवळ्या करता ना तुम्ही? हात बरे राहिलेत."

"रबरी मोजे असतात," ती म्हणाली. मग हळूच, "हे दाव्याचं सोडून देता येणार नाही का? मला नको आहे. मी यांना सांगत होते, नका करू म्हणून."

"का सोडायचं?" नवरा म्हणाला. "तुझी आई गेली ती तुला बघायला मिळाली नाही. पोरगी गेली. आणि ज्याने केलं तो मोकळा?"

 मी तिच्या बहिणीचं विचारलं. उत्तर नवऱ्यानेच दिलं.

"ती एकदाही फिरकली नाही. बसने यायचं म्हटलं तर चार थांबे. फोन नाही, निरोप नाही. स्वतःला मूल नाही ना, तिला काय कळणार?"

"ताईला काही बोलायचं नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला. मीही दचकले.

ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. नवरा ऐकत नाहीसं बघून तिने माझी बाही धरली.

"ताईकडे जाणार आहात?"

"जावं लागेल."

"मग... ती कशी आहे, तेवढं मला सांगाल? फक्त कशी आहे ते."

"तुम्हीच का नाही जात?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच्याने उत्तर ऐकवणार नाही," ती म्हणाली आणि वळून आत गेली.

४

थोरली पडदे शिवायची. जिना चढून वर एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे, मधोमध मशीन. ती मशीनमागे बसली होती, मांडीवर निळ्या कापडाचा ढीग. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं धाकटीचंच, फक्त भरलेलं. तिने काम थांबवलं, पण उठली नाही.

"बसा. पाणी हवं असेल तर त्या माठात आहे, घ्या तुमचं तुम्ही."

वा, म्हटलं, काय आदरातिथ्य! मी पाणी घेतलं नाही.

खुर्ची मशीनपासून एवढी लांब होती की तिला हात ताणून शिवावं लागत होतं. पाठीला उशी. पायात पुरुषी सपाता, दोन बोटं मोठ्या. तिचा नवरा जहाजावर असतो, त्याच्याच असाव्यात. बोटात अंगठी नव्हती, ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. आणि बोटांची टोकं सुईने टोचून टोचून पार खडबडीत झालेली.

ती बोटं मी पाहिली आणि मला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. दवाखान्यात गेली होती ती ही! पण मग लगेच गाडं अडलं. हात हिचा असेल. पोट कुठून आणलं? हिला मूल होत नाही, हे तर घरचेच सांगत होते.

"बहिणीला भेटायला गेला नाहीत?"

"ऑर्डरी आहेत."

"एवढ्या दिवसांत एक तासही मिळाला नाही?"

"नाही मिळाला."

"तिचं मूल गेलं. तुमची आई गेली."

तिने कात्री उचलली, कापायला गेली आणि कात्री हातातून सुटून खाली पडली. तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"जरा देता का?"

मी वाकून कात्री दिली. माझे गुडघे काय आहेत ते मला माहीत. ही माझ्याहून वीस वर्षांनी लहान, कात्री हिच्या पायापाशी, आणि वाकायचं मी!

"त्या दवाखान्यात तुम्ही बहिणीबरोबर गेला होतात?"

"मला काही आठवत नाही."

"एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा परवाना जाणार आहे सोमवारी. त्यांनी काही केलेलं नसताना."

तिचा चेहरा पडला. तिने ओठ दाबून धरले, पण ताकास तूर लागू दिली नाही. मी वही मिटायला लागले, तेव्हा ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तिला दूध आलं होतं का हो? नंतर. बाळ नसताना."

"ते तुम्ही तिलाच विचारायला हवं होतं," मी म्हटलं आणि ताडताड निघाले.

जिना उतरताना मी तिला मनातल्या मनात लाखोली वाहत होते. उठायला नको, पाणी द्यायला नको, वाकायला नको, आठव्या महिन्यातल्या बहिणीच्या हातातली पिशवी घ्यायला नको. मग मेलीचा...

आणि मी तिथेच कठडा धरून उभी राहिले.

उठायचं नाही. वाकायचं नाही. पिशवी उचलायची नाही. मशीन लांब, पाठीला उशी, सुजलेले पाय नवऱ्याच्या सपातांत, सुजलेल्या बोटांतून काढून गळ्यात घातलेली अंगठी. मांडीवर तो कापडाचा डोंगर. आणि धाकटी, स्वतः पोटुशी असताना, ओझं स्वतःच्या हातात घेऊन म्हणत होती, तिला काही सांगू नका.

मोठेपणाचा तोरा म्हणून जे जे मी मोजलं, त्या सगळ्याचं एकच उत्तर होतं, आणि ते मला, ऑफिसातल्या भिंगाला, समोर बसून दिसलं नाही.

मी परत वर गेले.

५

ती रडत होती. मी काही न बोलता तिच्या मांडीवरचं कापड उचललं आणि बाजूला ठेवलं. तिने अडवलं नाही.

पोट मोठं होतं. धाकटीचं विमानात बसताना असेल तेवढंच.

"कुणाला माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला. आणि चिमीला." चिमी म्हणजे धाकटी. "माझी तीन गेली. एक गर्भाशयाऐवजी नळीत राहिलं होतं, तेव्हा पोट फाडावं लागलं. प्रत्येक वेळी सगळ्यांना सांगून बसायचे, आणि मग सगळ्यांना परत सांगावं लागायचं. या वेळी ठरवलं, हातात येईपर्यंत बोलायचं नाही. एकट्या चिमीला सांगितलं. तिच्यापासून काही लपवलं नाही कधी."

मी तिला पाणी दिलं, त्याच माठातलं. मग ती आपण होऊन बोलत गेली.

आई फार लांब, मामाकडे होती. फोनवर म्हणायची, एकदा तोंड दाखवा गं कुणीतरी. नियमाने थोरली जाऊ शकत होती. तिचे आठवडे बसत होते. जाऊ शकत नव्हती ती धाकटी.

"पण मला खुर्चीतून उठायचीसुद्धा भीती वाटायची. विमानाचं नाव काढलं तरी पोटात कळ आल्यासारखं व्हायचं. चिमी म्हणाली, ताई, तू हलू नकोस. तुझं मोठ्या मुश्किलीने राहिलंय. माझं पोर दांडगं आहे, लाथा मारून बेजार करतं, त्याला काय होतंय? मी जाते आईकडे. तू मला फक्त एका तासासाठी तुझं पोट दे."

तिने डोळे मिटले.

"मी दिलं. तिचं ओळखपत्र घेऊन गेले आणि तिच्या नावाने टेबलावर झोपले. त्या डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले आणि म्हणाल्या, छान आहे, निर्धास्त जा. मला इतका आनंद झाला ठोके ऐकून! तिथे पडल्या पडल्या मी चिमीचा विचारच केला नाही, बाई. माझंच बाळ छान आहे म्हणून हसत बाहेर आले."

मी तिच्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला. 

"विमानात बसली म्हणून गेलं का?" तिने विचारलं. "खरं सांगा. तुम्हाला कळलं असेल."

"बाळाची वार वेळेआधी सुटली होती. ती घरात बसल्या जागीही सुटते, असं हॉस्पिटलने लिहिलंय."

"पण घरी दवाखाना जवळ होता."

"हो," मी म्हटलं. "घरी दवाखाना जवळ होता."

खोटं बोलायची फार इच्छा झाली होती. पण ती मला सोडणार नव्हती, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

"मग तिच्याकडे गेला का नाहीत?"

"हे घेऊन?" तिने पोटावर हात आपटल्यासारखा ठेवला. "काय म्हणून दारात उभी राहू? तुझं गेलं, माझं बघ कसं छान वाढलंय? फोन करायला घेतला की तोंडातून शब्द फुटेना. तिला माझं तोंडही बघायचं नसेल."

"तिने मला आज एकच गोष्ट विचारली," मी म्हटलं. "ताई कशी आहे. आणि म्हणाली, उत्तर ऐकवणार नाही. तुम्ही एवढे दिवस गप्प राहिलात, त्याचा तिने काय अर्थ लावला असेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात तोंडावर गेला.

"अगं आई गं," ती म्हणाली. "तिला वाटलं, माझंही गेलं."

६

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते मला अहवालात लिहावंच लागलं. दावा नामंजूर झाला. डॉक्टरीणबाई सुटल्या. सुनावणीत त्यांना विचारलं, यापुढे काय काळजी घ्याल? त्या म्हणाल्या, आता चेहरे बघावे लागतील. घरी येऊन त्यांनी दोन दिवस दवाखाना उघडला नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचाही काहीतरी तोटा होतोच. दोघी बहिणींवर खटला भरायचा का, असं साहेबांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या नजरेत काय होतं कोण जाणे, पण त्यांनी फाइल मिटली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी थोरली म्हणाली, मी येते, मीच सांगते त्याला. मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ. ती म्हणाली, हळू चालवायला सांगा. सबंध रस्ता तिने दोन्ही हात पोटाखाली धरून ठेवले होते.

दार नवऱ्याने उघडलं. आधी मला पाहिलं, मग तिला. ती कोट न घालता आली होती, मुद्दाम.

तो यंत्रांत वाढलेला माणूस. कुठला भाग कुठे बसतो हे त्याला सांगावं लागत नाही. तो त्या पोटाकडे बघत राहिला, मग त्या चेहऱ्याकडे, आणि तो चेहरा त्याच्या बायकोचाच होता. त्याच्या मानेची शीर उडायला लागली.

"डॉक्टरने काही केलं नाही," थोरली म्हणाली. "तपासून घ्यायला मी गेले होते. तुम्हाला जो माणूस समोर पाहिजे होता ना, तो मी."

"आणि तिला माहीत होतं?" त्याने विचारलं. आवाज कुठून तरी खोलातून आला.

"मीच मागितलं होतं तिच्याकडे," मागून धाकटी म्हणाली.

ती आतल्या दारात उभी होती. त्याने वळून बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, काहीतरी फोडेल. फोडलं असतं तर बरं झालं असतं. इतके दिवस त्याने ज्या माणसावर सगळा राग साठवून ठेवला होता, तो माणूस त्याच्याच घरात राहत होता, त्याच्याच ताटातलं जेवत होता, आणि त्याच्याइतकाच उद्ध्वस्त झालेला होता. तो भिंतीला टेकला, खाली सरकत गेला आणि जमिनीवर बसला. ग्रीसचे हात त्याने तोंडावर धरले. 

धाकटी त्याच्याजवळ गेली नाही. अजून नाही. ती बहिणीकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही, खाली.

"आहे?" तिने विचारलं.

"आहे," थोरली म्हणाली.

"मला वाटलं, तुझं पण... फोन नाही केलास. मी रोज वाट बघायचे. मग वाट बघायचं सोडलं. वाटलं, ताई मला कुठल्या तोंडाने सांगेल?"

"मला वाटलं, तुला बघवणार नाही."

"नाहीच बघवत," धाकटी म्हणाली.

तिने हात पुढे केला. तो पोटापर्यंत पोचला नाही, मधेच थांबला, बोटं मिटली, आणि तिने तो मागे घेतला. थोरली हुंदका दाबत उभी होती. मी दाराकडे सरकले.

"आत ये," धाकटी म्हणाली. "उभी राहू नकोस अशी. बस."

थोरली भिंतीला धरून खुर्चीवर टेकली. धाकटी तिच्यापासून लांब, पलंगाच्या कडेला बसली. दोघींच्या मधे तो जमिनीवर बसलेला माणूस.

मग धाकटीने विचारलं, "हलतं का नीट?"

"हलतं की. रात्रभर झोपू देत नाही मेलं," थोरलीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. सगळ्या गरोदर बायका करतात तशी ती तक्रार होती, आणि ती नेमकी कुणापुढे केली हे कळून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

धाकटीने मान हलवली.

"माझीही नव्हती झोपू देत," ती म्हणाली. त्यावर जमिनीवरून तिच्या नवऱ्याने हात पुढे केला आणि तिचं पाऊल धरलं, आणि मग ते तिघंही रडले.